शांत खोलीतली हवा

औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला एक पातळ कागद असतो. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं, कुणी उघडत नाही आणि उघडलाच तर परत तशी घडी बसत नाही. तो छापायला जाण्याआधी आमच्या हाताखालून जातो. दोघादोघांच्या जोड्या असतात. एकाच्या हातात मूळ प्रत, त्याने मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याच्या हातात छपाईचा नमुना आणि पेन्सिल, त्याने डोळ्यांनी मागोमाग यायचं. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. "जेवणानंतर स्वल्पविराम दिवसातून दोनदा पूर्णविराम." घरी गेलं तरी जीभ थांबत नाही. लेकीला थोपटताना मी एकदा "झोप गं राणी उद्गारचिन्ह" म्हणाले, तर नवरा पलीकडून म्हणाला, "कंस पुरा कर आणि तूही झोप."

माझी जोडी टाचणीताईंबरोबर होती. हे नाव त्यांना आमच्याही आधीच्या लोकांनी ठेवलेलं. चूक दिसली की त्या टोचल्यासारखी पेन्सिल टोचायच्या, कागदाला भोकच पडायचं. त्यांना नावाचा राग नव्हता. "टाचणीच बरी," म्हणायच्या, "सुई म्हणालात तर दोरा ओवायला बसवाल." आणि मला त्या बाळंतीण म्हणायच्या. लेकीला दात आले तरी मी बाळंतीणच.

मी रजा संपवून आले ती थेट नव्या इमारतीत. जुनी जागा छापखान्याच्या वरच्या माळ्यावर होती. खाली यंत्रांची धडधड, बाहेर गाड्यांचे भोंगे, खिडकीची एक काच कायमची फुटलेली. थंडीत बोटं आखडायची, वाऱ्याने कागद उडायचे, आणि 'शून्य दशांश पाच' हे रस्त्यावरच्या भांडणावर मात करून ओरडावं लागायचं. ताईंनी कितीतरी वर्षं एकच मागणं लावून धरलं होतं. शांतता द्या. नव्या जागेसाठी साहेबांनी विचारलं तेव्हा कुणी खुर्च्या मागितल्या, कुणी चहाचं यंत्र. ताई म्हणाल्या, "शांतता. बाकी तुमचं तुम्हाला."

आणि साहेबांनी खरंच दिली. मजल्याच्या पोटात, कुठलीच भिंत बाहेरच्या बाजूला नाही, अशी एक खोली. भिंतींना जाड मऊ अस्तर, खाली गालिचा, दाराच्या कडेला रबराची पट्टी. दार लावलं की बाहेरचं जग संपलं. गालिच्याला नव्या गोंदाचा उग्र वास होता; आम्हाला तो श्रीमंतीचा वाटला. फक्त छतात एक जाळी होती, तिच्यातून हवा यायची आणि बारीकशी घुंघुं. ताई मान वर करून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"दशांश म्हणताना आवाज खाली पडतो आपला," त्या म्हणाल्या. "हा डास नेमका तिथे बसतो. बोलवा त्या इमारतवाल्याला."

इमारतीची देखभाल बघणारा माणूस आला, शिडी लावली, वर काहीतरी फिरवलं आणि घुंघुं थांबली. मग अशी शांतता पसरली की पेन्सिल कागदावरून सरकलेली ऐकू आली. शेजारच्या जोडीतला आमचा 'रेडिओ', ज्याचा आवाज जुन्या जागेत खालच्या चहावाल्यापर्यंत जायचा, तो चक्क कुजबुजला, "आता मला पगार कशाचा देणार?" सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते, उन्हातून आलेल्या माणसाने पाणी पिताना मिटावेत तसे.

पुढचं सगळं इतकं हळू झालं की झालं हेच कुणाला कळलं नाही. सकाळी सगळं ठीक असायचं. जेवून आलं, दार लागलं, तीन जोड्या वाचायला लागल्या की थोड्या वेळाने डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं. रेडिओ एकच ओळ दोनदा वाचायचा. तिसऱ्या जोडीतल्या दोघी जांभया द्यायच्या, एकीची संपली की दुसरीची सुरू. डोळे अक्षरांवरून जायचे पण अक्षरं आत यायची नाहीत. गंमत म्हणजे, आमच्यापैकी प्रत्येकाजवळ याचं आपापलं कारण होतं आणि ते प्रत्येकाने लपवून ठेवलं होतं. रेडिओला वाटे, साखर वाढली. तिसऱ्या जोडीतल्या एकीला वाटे, नवऱ्याशी रोजची भांडणं. मला तर कारण शोधायचीच गरज नव्हती. रात्रभर कडेवर घेऊन फिरणाऱ्या बाईचं डोकं दुपारी कुठून चालणार? आपलं मंदपण आपण घरून आणलंय असं समजून प्रत्येक जण मान खाली घालून बसला होता. खोलीकडे कुणी बघितलं नाही. इतकी छान खोली!

आणि ताईंना वाटायचं, आई.

हे मला त्या पत्रकानंतर कळलं. तापाच्या औषधाचं पत्रक होतं, लहान मुलांच्या. मूळ प्रतीत एक ओळ होती: एक वर्षाखालील बाळांना हे औषध देऊ नये. अक्षरं जुळवताना ती ओळ गळाली. मी ती वाचली, मला माझा आवाज आठवतो, कारण माझी स्वतःची एक वर्षाखालची होती आणि अशा ओळीला माझा आवाज जरा थबकायचाच. समोर ताईंच्या हातातल्या नमुन्यात ती नव्हती. त्यांची पेन्सिल थांबली नाही. पत्रकं छापली, डब्यांत गेली, दुकानांत पोचली. एका औषधवाल्याने सवयीने वाचून फोन केला म्हणून निभावलं. सगळा माल परत बोलावला. कुठल्या बाळाला काही झाल्याचं कळलं नाही. कळलं नाही, एवढंच म्हणता येतं.

"तू वाचलीस ती ओळ?" ताईंनी मला विचारलं.

"वाचली ताई."

"मी ऐकली?"



मी दिवसातून दोनदा जिन्याजवळच्या सामानाच्या खोलीत जायचे, दूध काढायला. तिथे मोडक्या खुर्च्या, रंगाचे डबे आणि एक खिडकी, जिची कडी कुणीतरी उलटी बसवल्यामुळे ती लागतच नव्हती. एवढ्या चकचकीत इमारतीत तेवढंच एक काम बिघडलेलं. मी दाराला खुर्ची लावून, भिंतीकडे तोंड करून बसायचे. वारा मानेला लागायचा. लेकीचा फोटो समोर धरला की दूध चांगलं उतरतं असं कुणीतरी सांगितलं होतं; मी धरायचे, आणि खरंच उतरायचं. आणि तिथून परत आले की पहिल्याच पानावर मला दोन-तीन चुका दिसायच्या. ताई चिडवायच्या, "दूध उतरलं की हिचं डोकं चढतं! आम्ही काय करावं, आमचं तर आटलं." या थट्टेत काही अर्थ आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. त्यांनाही नाही.

पत्रकाच्या प्रकरणानंतर त्या माझ्यामागोमाग तिथे आल्या. "तुझं चालू दे, मी तिकडे बघते," म्हणून रंगाच्या डब्यावर बसल्या आणि खिडकीबाहेर बघत बोलल्या.

"आईचं असंच सुरू झालं होतं. आधी म्हणींचा शेवट विसरायची. उथळ पाण्याला, म्हणायची, आणि मग नुसती बघत राहायची आमच्याकडे. आम्ही हसायचो. मग भाजीत मीठ दोनदा. मग एकदा मला म्हणाली, तुम्ही कुणाकडच्या?"

"ताई, एका चुकीवरून..."

"एक? तुला एकच माहीत आहे. घरी गेलं की डोकं ठणकत असतं. परवा सूनबाईला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. आता माझ्यामागून ती गॅसचं बटण बघून येते. मुलगा घराची किल्ली मागून घेऊन गेला, म्हणाला, आई, तू कशाला त्रास घेतेस." त्यांनी तळहात उघडून दाखवला. त्यावर पेनाने लिहिलं होतं: दूध, फोन, दार. "मी टाचणी, बाळंतिणी. हातावर लिहून जगते आहे."

माझ्या हातात बाटली होती, ती मी उगाचच घट्ट झाकत बसले.

उलगडा झाला तो योगायोगाने. गालिचा धुवायला माणसं आली, आमची खोली दुपारभर बंद. काम तर तातडीचं. ताई म्हणाल्या, "चल तुझ्या गोठ्यात." सामानाच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो, मी वाचायला लागले. बाहेर कुणीतरी हातोडी मारत होतं, जिन्यावर माणसं बोलत होती. ताई कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. आणि पेन्सिल टोचली. परत टोचली. तिसऱ्या वेळी मी वाचायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पुढच्या ओळीत 'मिली' गळालंय, बघ तुझ्याकडे आहे का." होतं. दुपारचा तोच वेळ, ज्या वेळी खोलीत आम्ही भुसा भरलेल्या बाहुल्या व्हायचो. पानं संपली तेव्हा ताईंनी कागद उन्हाकडे धरला. भोकाभोकांतून उजेड आला.

त्यांनी कागद खाली ठेवला. मग एकदम भराभर: "उथळ पाण्याला खळखळाट फार. आयत्या बिळावर नागोबा. आपला हात जगन्नाथ." आणि माझ्याकडे वळून, "सगळ्या आल्या ना गं पुऱ्या?"

"आल्या ताई, सगळ्या आल्या."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लेक पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा तिचा झाला होता तसा, आपणच केलेल्या गोष्टीवर विश्वास न बसल्यासारखा.

पण त्या टाचणी होत्या. एका पानावर त्यांचा भरवसा नव्हता. पुढचे काही दिवस त्यांनी मला मध्येच उठवून बाहेर नेलं, परत आत आणलं, आत रखडलेलं पान बाहेर वाचायला लावलं. रेडिओलाही एकदा ओढून नेलं. तो खिडकीशी उभा राहून एवढ्या मोठ्याने वाचायला लागला की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला. आणि एका दुपारी खोलीत, सगळे जांभया देत असताना, ताईंनी मान वर केली आणि छताकडे बघितलं.

"जाळी," त्या म्हणाल्या. एवढंच.

इमारतवाल्याला बोलावलं. तो आला, वर बघून डोकं खाजवलं.

"तुम्हीच तर बंद करायला सांगितलंत बाई. आत येणारी हवा तेवढी एकच. दार असं बंद, माणसं इतकी, त्यात तुम्ही दिवसभर बोलणार. म्हटलं असेल काही तुमचं."

"तेव्हा बोलला नाहीत?"

"तुम्ही डास म्हणालात. मी डास मारला."

"आता उघडा."

"आता कसं उघडू? तुमच्या वाट्याची हवा साहेबांच्या बैठकीच्या खोलीला जोडलीय. तिथे पाहुण्यांना उकडत होतं. परत फिरवायची तर वरून सही लागेल."

म्हणून आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. मी कशाला गेले? जोडी होती म्हणून. साहेबांच्या खोलीत मोठी काच होती, हवा गार आणि हलकी होती, आणि तिथे बसल्याबसल्या माणसाला शहाणं वाटत होतं. ताईंनी सगळं नीट सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने मधे एकदाही तोडलं नाही, चहा मागवला, आणि मग हसला.

"ताई, रागावू नका, पण नाचता येईना अंगण वाकडं, तसं होतंय हे. एवढी खर्चाची खोली."

"साहेब," ताई म्हणाल्या, "कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं."

तो हसायचा थांबला. मग त्याने आवाज खाली आणला, आजाऱ्याच्या खोलीत आणतात तसा. म्हणाला, पत्रकाचं प्रकरण मिटवायचंय, औषध कंपनीला काहीतरी लिहून द्यायलाच हवं. त्याने विचार करून ठेवला होता. ताईंनी प्रकृतीच्या कारणाने निवृत्ती घ्यावी. वयोमानाने स्मरण आणि एकाग्रता कमी झाली, एवढंच लिहायचं. कुणाचा दोष नाही. सगळे मिळून छान निरोप देऊ. "तुमच्या आईंचं तुम्हीच सांगितलं होतंत एकदा. घरी मुलगाही म्हणत होता..."

"मुलाशी बोललात तुम्ही?"

"काळजीपोटी, ताई."

खोलीत शांतता झाली. ही शांतता ताईंनी मागितलेली नव्हती.

"माझं डोकं शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "तसं लिहू नका. जाळी मी बंद करवली. मला आवाज नको होता, त्यापायी सगळ्यांची हवा मी तोडली. ती चूक माझी. ती लिहा."

"अहो, मग तो निष्काळजीपणा होतो. मग काढून टाकावं लागेल. निरोप नाही, शिफारशीचं पत्र नाही. कशाला उगाच? एक शब्द इकडचा तिकडे."

"शब्द इकडचा तिकडे होऊ नये याचीच तर नोकरी केली मी."

मी त्यांच्या कोपराला हात लावला. ताई, घ्या ना ते पहिलं, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी हात बाजूला केला, हळूच, पण केला. मग मीच साहेबांना म्हणाले की आम्ही सगळेच तिथे मंद झालो होतो, मीसुद्धा. साहेबांनी माझ्याकडे मायेने बघितलं. "तुम्ही लहान बाळाच्या आई आहात," तो म्हणाला. "तुमचं समजण्यासारखं आहे."

ताईंना काढून टाकलं. निष्काळजीपणा, असं लिहिलं. त्यांनी सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. रेडिओ म्हणाला, "हट्टी बाई. दोन गोड शब्द ऐकून गेली असती." तिसऱ्या जोडीतली एक म्हणाली, "पण हवा त्यांनीच बंद केली होती ना? आमचं डोकं दुखायचं ते उगाच?" हे मात्र सगळ्यांना चटकन पटलं. इतके दिवस आपापल्या घरांवर घेतलेला दोष एका दुपारीत सगळ्यांनी ताईंच्या माथी उतरवून ठेवला आणि मोकळे झाले.

मग जाळी उघडली. चूक कुणाची हे लेखी झाल्यावर सही मिळायला अडचण आली नाही. घुंघुं परत आली, मागोमाग हवा. दुपारच्या जांभया गेल्या. माझ्या जोडीला नवी मुलगी आली, हुशार आहे, टोचत नाही, नुसती खूण करते. चुका कमी झाल्या. महिनाअखेरीच्या बैठकीत साहेब म्हणाला, "बघा, एक माणूस बदललं की किती फरक पडतो." सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठून बोलायला हवं होतं. लेकीचं पाळणाघर त्याच महिन्यात सुरू झालं होतं. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायले.

सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन ताईंकडे गेले. दार सुनेने उघडलं. घर स्वच्छ, खिडक्या उघड्या, पडदे हलत होते. ताई आत कपडे बदलत होत्या. सून वाईट नाही. तिने मला पाणी दिलं, लेकीच्या गालाला हात लावला, आणि आवाज बारीक करून म्हणाली, "एक सांगू का तुम्हाला? त्या बाळाला मागतील. उभ्याने देऊ नका हं. बसवून द्या, आणि तुमचा हात असू द्या. त्यांचं जरा... तुम्हाला माहीतच आहे."

"त्यांना काहीही झालेलं नाही," मी म्हणाले. "ती खोलीच तशी होती. हवा नव्हती तिथे."

"हो, त्या सांगतात तसं," सून म्हणाली. किती समजुतीने म्हणाली! "आम्ही नाही म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात, विरोध करू नका."

तेवढ्यात ताई बाहेर आल्या. केस विंचरलेले, साडी नीट चापून नेसलेली. तळहातावर काही लिहिलेलं नव्हतं. "आली का बाळंतीण!" म्हणत त्या सरळ आमच्याकडे आल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे तिला. काय म्हणते आमची उद्गारचिन्ह?"

लेक हसली, त्यांच्याकडे झेपावली. मला सगळं माहीत होतं. या बाईचं डोकं माझ्यापेक्षा लख्ख आहे हे मी माझ्या डोळ्यांनी, पानावर पान, बघितलं होतं. आणि तरी माझे हात लेकीच्या काखेत तसेच राहिले. किंचित. पापणी लवते तेवढंच. मग मी तिला सोडलं.

पण समोर टाचणी होती. तिच्या नजरेतून आजवर काही सुटलं होतं का? एका त्या खोलीशिवाय?

ताईंनी लेकीला नीट घेतलं, बुडाखाली हात, पाठीशी हात, जसं घ्यावं तसं. माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीपर्यंत चालत गेल्या आणि खाली बसल्या.

"बसूनच घेते हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणाला घोर नको."